विद्यमान आमदार पडतोय का? मतमोजणीच्या फेऱ्या वाचण्याची रीत

मतमोजणीच्या दिवशी सकाळी दहा वाजता एखादा विद्यमान आमदार चार-पाच हजारांनी आघाडीवर असल्याची पट्टी दिसते आणि त्याच्या गावात गुलालाची पोती उघडली जातात. दुपारी तीन वाजता तोच आमदार पडलेला असतो आणि लोक म्हणतात, चक्र अचानक फिरले. बहुतेक वेळा ते सकाळी दहालाच फिरलेले असते. ते दिसत नाही, कारण आपण आघाडीचा आकडा पाहत बसतो आणि ही आघाडी कोणत्या गावांतून आली, त्या गावांत गेल्या वेळी किती होती, हे विचारत नाही.

खाली दिलेली रीत महाराष्ट्र विधानसभेच्या मतदारसंघांसाठी आहे; लोकसभेसाठी काय बदलते ते शेवटाकडे सांगितले आहे. तिचे निम्म्याहून अधिक काम मोजणीच्या आधीच्या दोन आठवड्यांत होते. ते न करता केवळ सकाळी दूरचित्रवाणीसमोर वही घेऊन बसल्याने काहीही हाती लागत नाही.

१. कोणावर लक्ष ठेवायचे ते आधी ठरवा

२८८ मतदारसंघांचा पाठपुरावा एका माणसाला शक्य नाही. दहा ते बारा निवडा. निवडताना बहुतेक जण गेल्या वेळचे मताधिक्य पाहतात आणि ज्यांचे मताधिक्य कमी त्यांनाच धोक्यात धरतात. हा निकष आवश्यक आहे, पण पुरेसा नाही. संगमनेरमध्ये बाळासाहेब थोरात १९८५ पासून सलग आठ वेळा निवडून आले होते आणि २०१९ मध्ये त्यांचे मताधिक्य साठ हजारांच्या वर होते. २०२४ मध्ये ते अमोल खताळ यांच्याकडून दहा हजारांहून अधिक मतांनी पराभूत झाले. उलट कर्जत-जामखेडमध्ये रोहित पवार यांचे २०१९ चे ४३ हजारांचे मताधिक्य २०२४ मध्ये १,२४३ वर आले, तरी जागा राहिली. मताधिक्य ही उशी आहे. ती किती जाड आहे एवढेच त्यावरून कळते, धक्का किती जोराचा आहे हे कळत नाही.

म्हणून प्रत्येक आमदारासाठी चार गोष्टी नोंदवा. गेल्या वेळी विरोधी मते दोन-तीन उमेदवारांत फुटली होती का आणि या वेळी ती एकवटली आहेत का? त्याच्याच बाजूचा बंडखोर रिंगणात आहे का? त्याने मधल्या काळात पक्ष बदलला का, किंवा त्याच्या पक्षाची युती बदलली का? आणि त्याचे मताधिक्य सर्वदूर होते की एकाच शहरातून वा एकाच कारखान्याच्या पट्ट्यातून आले होते? चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर पुढच्या टप्प्याशिवाय मिळत नाही.

इशारा: उमेदवारांची यादी शेवटपर्यंत वाचा, अपक्षांची चिन्हेसुद्धा. २०२४ च्या लोकसभेला साताऱ्यात उदयनराजे भोसले सुमारे ३२ हजारांनी निवडून आले आणि त्यांचे प्रतिस्पर्धी शशिकांत शिंदे यांच्या ‘तुतारी वाजवणारा माणूस’ या चिन्हाशी नामसाधर्म्य असलेल्या तुतारीवर, म्हणजे लोकांच्या भाषेत पिपाणीवर, लढलेल्या अपक्षाला ३७ हजारांवर मते पडली.

२. केंद्रनिहाय निकाल मिळवा आणि केंद्रे जुळवा

निवडणुकीनंतर प्रत्येक मतदारसंघाचा अंतिम निकाल नमुना २० मध्ये तयार होतो आणि राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर ठेवला जातो. त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर प्रत्येक उमेदवाराला किती मते पडली ते असते. अनेकदा हे कागद स्कॅन केलेले असतात, त्यामुळे आकडे हाताने तक्त्यात भरावे लागतात. तीन-साडेतीनशे ओळी भरायला एक दिवस जातो. तो द्यावा लागतो.

मोठी अडचण पुढे आहे. नमुना २० मध्ये केंद्राचा फक्त क्रमांक असतो. गावाचे किंवा शाळेचे नाव नसते. आणि दोन निवडणुकांमध्ये हे क्रमांक सरकतात. मतदार वाढले की नवे केंद्र निघते, लहान केंद्रे एकत्र केली जातात, आणि २०२४ च्या विधानसभेला तर मुंबई-पुण्यासारख्या शहरांत गृहनिर्माण संस्थांच्या आवारातही नवी केंद्रे झाली. मतदारसंघाच्या सुरुवातीलाच दोन केंद्रे वाढली की त्यापुढचा प्रत्येक क्रमांक दोनने पुढे जातो.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. एका ग्रामीण मतदारसंघात मी जुना क्रमांक ११२ आणि नवा क्रमांक ११२ एकमेकांसमोर ठेवले. जुना ११२ म्हणजे बाजारपेठेतली मराठी शाळा, खोली क्रमांक २. नवा ११२ म्हणजे नदीपलीकडच्या वाडीची अंगणवाडी. बाजारपेठेत आमदाराचा कायम दीड-दोनशेचा लीड असे आणि वाडीत तो कायम मागे असे. माझ्या तक्त्यात त्या केंद्रावर त्याची मते कोसळलेली दिसली, त्यापुढच्या वीस-पंचवीस केंद्रांवरही अशीच उलटापालट झाली, आणि मी दुपारी बाराच्या आत तो पडणार असे छातीठोकपणे सांगून बसलो. तो आरामात निवडून आला.

म्हणून जिल्हा निवडणूक कार्यालयाकडून प्रसिद्ध होणारी मतदान केंद्रांची यादी दोन्ही निवडणुकांची मिळवा आणि जुळणी क्रमांकाने न करता गाव, इमारत आणि खोली यांच्या नावाने करा. जिथे एका जुन्या केंद्राची दोन नवी झाली आहेत तिथे दोन्हींची बेरीज जुन्याशी लावा. जिथे जुळणी होत नाही तिथे गाव हाच घटक धरा; गावाची सर्व केंद्रे एकत्र केली की शाळेतल्या खोल्यांचा घोळ आपोआप मिटतो.

तपासणी: जुळणी झाल्यावर जुन्या आकड्यांची बेरीज करा. आमदाराचे एकूण मताधिक्य, टपाली मते वगळता, अधिकृत निकालाशी तंतोतंत जुळले पाहिजे. दहा मतांचाही फरक असेल तर एखादी ओळ चुकली आहे. ती सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

३. तुलनेसाठी कोणती निवडणूक धरायची

या टप्प्यावर अनुभवी माणसेही घसरतात. सर्वांत अलीकडची निवडणूक हीच सर्वांत चांगली, असा समज असतो. २०२४ मध्ये तो किती महाग पडला ते आठवून पाहा. ४ जूनला लोकसभेच्या निकालात महाविकास आघाडीला ४८ पैकी ३० जागा मिळाल्या. अनेकांनी ते आकडे विधानसभानिहाय मांडून महायुतीचे कोणकोणते आमदार पडणार याच्या याद्या केल्या. २३ नोव्हेंबरला भाजप १३२, शिवसेना ५७ आणि राष्ट्रवादी ४१ असा निकाल लागला. आघाडीच्या तीन पक्षांना मिळून ४६ जागा मिळाल्या. मधल्या काळात मतदानाची टक्केवारीही सुमारे ६१ वरून ६६ वर गेली होती. म्हणजे मतदार तेच नव्हते, प्रश्न तोच नव्हता आणि उमेदवार तर वेगळेच होते.

माझे मत असे आहे की आमदाराची तुलना त्याच्या स्वतःच्या विधानसभेच्या निकालाशीच करावी आणि लोकसभेचा आकडा शेजारच्या रकान्यात, फक्त दिशा पाहण्यासाठी ठेवावा. ज्याने पक्ष बदलला किंवा ज्याच्या पक्षाचे दोन पक्ष झाले, त्याच्या बाबतीत मात्र जुने मताधिक्य जसेच्या तसे धरता येत नाही. २०१९ मध्ये भाजपच्या उमेदवाराविरुद्ध लढून आलेला आणि २०२४ मध्ये भाजपच्याच युतीत उभा असलेला आमदार घ्या. त्याच्या जुन्या मतांत कोणती मते त्याची वैयक्तिक होती आणि कोणती पक्षाची, हे केंद्रांवरून थोडेफार दिसते: त्याचे मूळ गाव, त्याच्या संस्थांचा परिसर, त्याच्या नातेसंबंधांची गावे, इथे तो पक्षाच्या सर्वसाधारण मतांपेक्षा बराच वर असतो. अशा केंद्रांवर खूण करून ठेवा. पक्षांतरानंतर जी मते टिकतात ती प्रामुख्याने इथे टिकतात.

तिरंगी-चौरंगी लढतीत ‘विरोधक’ एकच नाही हे विसरू नका. २०१९ च्या लोकसभेला औरंगाबादमध्ये चंद्रकांत खैरे ४,४९२ मतांनी पडले, जिंकले इम्तियाज जलील, आणि अपक्ष हर्षवर्धन जाधव यांनी दोन लाख ८३ हजारांवर मते घेतली. अशा ठिकाणी विद्यमान प्रतिनिधीची मते किती घटली आणि ती कोणाकडे गेली हे दोन वेगळ्या रकान्यांत मांडावे लागते. केवळ पहिल्या दोघांतला फरक मांडल्यास अर्धे चित्र दिसतच नाही.

४. मतदारसंघाचे तीन-चार पट्टे पाडा

प्रत्येक गावाचा वेगळा विचार करणे अशक्य आणि सगळ्याचा एकत्र विचार करणे धोक्याचे. म्हणून ज्या गावांचा कल एकत्र बदलतो अशी गावे एका पट्ट्यात घ्या: तालुक्याचे शहर, बागायती पट्टा, कोरडवाहू पट्टा, आदिवासी पाडे, दुसऱ्या तालुक्यातून जोडलेले मंडळ. जिल्हा परिषदेचे गट ही त्यासाठी चांगली तयार चौकट आहे. चारपेक्षा जास्त पट्टे करू नका, नाहीतर प्रत्येकात केंद्रे इतकी कमी उरतात की एका गावातल्या भांडणाचा परिणाम तुम्हाला लाट वाटू लागतो.

५. फेऱ्यांचा तक्ता आधी तयार ठेवा

विधानसभेच्या मोजणीत सर्वसाधारणपणे १४ टेबले असतात आणि एका फेरीत १४ केंद्रांची यंत्रे मोजली जातात. पहिल्या फेरीत केंद्र १ ते १४, दुसरीत १५ ते २८, याप्रमाणे. म्हणजे ३३६ केंद्रांच्या मतदारसंघात २४ फेऱ्या होतील आणि नवव्या फेरीत ११३ ते १२६ ही केंद्रे असतील, हे तुम्हाला आदल्या रात्रीच माहीत असते. केंद्रांचे क्रमांक साधारणतः मतदारसंघाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातात, त्यामुळे सुरुवातीच्या फेऱ्या संपूर्ण मतदारसंघाचा नमुना कधीच नसतात. त्या एका कोपऱ्याचा कौल असतात. आघाडी फसवी ठरते ती मुख्यतः यामुळे.

तक्त्यात प्रत्येक फेरीसमोर तीन गोष्टी लिहा: त्या फेरीतली केंद्रे कोणत्या पट्ट्यातली, त्याच केंद्रांवर गेल्या वेळी आमदाराचा लीड किती, आणि त्या फेरीअखेर गेल्या वेळचा एकूण लीड किती झाला असता. शेवटचा रकाना रिकामा, या वेळच्या आकड्यासाठी.

तपासणी: त्या मतदारसंघात खरोखरच १४ टेबले आहेत ना, हे निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या जाहीर माहितीवरून पाहून घ्या. टेबलांची संख्या वेगळी असेल तर संपूर्ण तक्ता नव्याने करावा लागतो.

६. सकाळचा पहिला तास

आठ वाजता टपाली मतांची मोजणी सुरू होते आणि अर्ध्या तासाने मतदान यंत्रे उघडायला सुरुवात होते. टपाली मते सैन्यदलातील मतदार, निवडणुकीच्या कामावरचे कर्मचारी, ८५ वर्षांवरील आणि दिव्यांग मतदार यांची असतात. त्यांचा कल उरलेल्या मतदारसंघाशी जुळेलच असे नाही. ती वेगळ्या रकान्यात लिहा आणि त्यांवरून कोणताही निष्कर्ष काढू नका.

मोजणीच्या दालनात मतमोजणी प्रतिनिधींना मोबाइल नेता येत नाही. त्यामुळे बाहेर येणारा आकडा चिठ्ठीवरून, ध्वनिक्षेपकावरून किंवा तोंडी येतो, आणि वाहिन्यांवरचा आकडा बऱ्याचदा अधिकृत आकड्याच्या एक-दोन फेऱ्या पुढे किंवा मागे असतो. नियम असा ठेवा की फेरीचा क्रमांक सोबत नसलेला आकडा वहीत लिहायचाच नाही. ‘साहेब तीन हजारांनी पुढे’ या वाक्याचा हिशेबात काही उपयोग नाही. ‘पाचव्या फेरीअखेर ३,०४०’ याचा आहे.

७. फेरीचा हिशेब

आता एक काल्पनिक मतदारसंघ घेऊ. केंद्रे ३३६, फेऱ्या २४. गेल्या वेळी आमदार १२,००० मतांनी निवडून आला होता. सहा फेऱ्या झाल्या, म्हणजे ८४ केंद्रे मोजली गेली, आणि तो ५,२०० मतांनी पुढे आहे. तक्ता सांगतो की याच ८४ केंद्रांवर गेल्या वेळी तो ९,००० ने पुढे होता. म्हणजे ८४ केंद्रांत त्याने ३,८०० गमावले. केंद्रामागे सुमारे ४५.

ढोबळ हिशेब असा: एक चतुर्थांश केंद्रांत ३,८०० ची घट, तर सर्व केंद्रांत १५,२००. उशी १२,००० ची होती. म्हणून पट्टीवर ५,२०० ने पुढे असलेला हा आमदार ३,२०० ने पडण्याच्या वाटेवर आहे.

इथे थांबू नका. हाच हिशेब पट्ट्यांनुसार करा. समजा, या ८४ पैकी २८ केंद्रे शहरातली होती आणि तिथे घट १,९६० झाली, केंद्रामागे ७०. उरलेली ५६ कोरडवाहू गावांची होती आणि तिथे घट १,८४०, केंद्रामागे सुमारे ३३. मतदारसंघात शहराची एकूण ४२ केंद्रे आहेत, कोरडवाहू पट्ट्याची १५४ आणि कारखान्याच्या बागायती पट्ट्याची १४०. बागायती पट्ट्यातले एकही यंत्र अजून उघडलेले नाही. शहराची पूर्ण घट सुमारे २,९४० आणि कोरडवाहू पट्ट्याची सुमारे ५,०६० धरली की १२,००० पैकी बरोबर ४,००० ची उशी उरते. ती १४० केंद्रांवर वाटली तर केंद्रामागे साधारण २९ मते.

आता प्रश्न नेमका झाला. बागायती पट्ट्यात आमदाराचा लीड केंद्रामागे २९ पेक्षा जास्त घटला तर तो पडेल, कमी घटला तर वाचेल. तुमच्या तक्त्यावरून त्या पट्ट्यातली पहिली केंद्रे समजा नवव्या फेरीत आहेत. तर सातव्या आणि आठव्या फेरीचे आकडे नोंदवा, पण नजर नवव्या फेरीवर ठेवा. तिच्यातल्या १४ केंद्रांत लीड चारशेने घटला, की सहाशेने, यावर बरेच काही अवलंबून आहे.

इशारा: एका फेरीवरून पट्ट्याचा दर ठरवू नका. उमेदवाराचे स्वतःचे गाव, विरोधकाचे स्वतःचे गाव आणि ज्या गावात धरण, रस्ता किंवा पुनर्वसनाचा ताजा वाद झाला ते गाव, ही केंद्रे दर काढताना बाजूला ठेवा. बेरजेत मात्र घ्या.

८. ‘पडला’ असे केव्हा म्हणायचे

माझा नियम दोन अटींचा आहे. पहिली, प्रत्येक पट्ट्यातली किमान दहा केंद्रे मोजून झालेली असावीत. दुसरी, वाचण्यासाठी त्याला उरलेल्या प्रत्येक केंद्रावर आतापर्यंतच्या कलापेक्षा किती मते जास्त लागतील ते काढा. अंदाज ६,००० ने पराभवाचा आहे आणि १५० केंद्रे उरली आहेत, तर त्याला केंद्रामागे ४० मतांची सुधारणा हवी. एकाच पट्ट्यातल्या फेऱ्यांमध्ये आतापर्यंत पंधरा-वीस मतांचाच फरक दिसला असेल, तर ४० ची सुधारणा होत नाही. तेव्हा निःशंकपणे लिहा. फरक तीस-चाळीसचा दिसत असेल तर थांबा.

आणि अंदाज हजार-दीड हजारांच्या आतला असेल तर शेवटच्या फेरीपर्यंत काहीही बोलू नका. २०२४ मध्ये साकोलीत नाना पटोले २०८ मतांनी वाचले, बेलापूरला मंदा म्हात्रे ३७७ मतांनी, मालेगाव मध्यमध्ये मुफ्ती इस्माईल १६२ मतांनी. कोणतीही रीत एवढा बारीक फरक आधी सांगू शकत नाही, आणि आपण तो सांगितला असा दावा करणारा नशिबाला हिशेब म्हणतो आहे.

९. लोकसभेसाठी बदल

महाराष्ट्रात एका लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रे येतात आणि सहाही ठिकाणची मोजणी स्वतंत्र गतीने चालते. त्यामुळे ‘दहावी फेरी’ या शब्दाला अर्थ उरत नाही. एका क्षेत्राची पंधरावी फेरी चालू असते तेव्हा दुसऱ्याची नववी असते. सहा वेगळे तक्ते करा आणि बेरीज शेवटी करा. २०२४ मध्ये बीडला परळी आणि आष्टीने पंकजा मुंडे यांना मोठा लीड दिला, बीड आणि गेवराईने बजरंग सोनवणे यांना. सोनवणे ६,५५३ मतांनी जिंकल्याचा अंतिम निकाल रात्री उशिरा लागला. कोणत्या क्षेत्राच्या किती फेऱ्या बाकी आहेत हे ज्याच्या वहीत नव्हते, त्याला दिवसभर फक्त हेलकावे दिसले.

१०. शेवटच्या फेरीनंतर

यंत्रांची मोजणी संपली म्हणजे निकाल लागला असे नाही. ज्या यंत्राचा आकडा दिसत नाही असे यंत्र बाजूला ठेवले जाते आणि मतांतील फरक त्या केंद्रावरच्या मतांपेक्षा कमी असेल तर व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत दिल्यावर यंत्राला जोडलेल्या उपकरणात छापल्या जाणाऱ्या, चिठ्ठ्या मोजल्या जातात. शिवाय प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या चिठ्ठीने निवडलेल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्यांची पडताळणी होते. बाजूला ठेवलेल्या यंत्रांचे केंद्र क्रमांक वहीत लाल शाईने लिहा, कारण ती केंद्रे त्या फेरीच्या बेरजेत नसतात आणि तुमचा हिशेब त्यामुळेच बिघडलेला दिसतो.

सकाळी बाजूला ठेवलेली टपाली मते आता परत घ्या. २०२४ ला मुंबई वायव्यमध्ये यंत्रांच्या मोजणीअखेर अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मते मिळवल्यावर रवींद्र वायकर ४८ मतांनी विजयी झाले. अशा ठिकाणी बाद ठरवलेल्या टपाली मतांची संख्या फरकापेक्षा जास्त आहे का हे आधी विचारा. जास्त असेल तर त्या मतांची फेरपडताळणी होते, आणि निवडणूक निर्णय अधिकारी निकाल जाहीर करेपर्यंत तक्त्याचा शेवटचा रकाना पेन्सिलीनेच भरा.

काही आठवड्यांनी नवा नमुना २० प्रसिद्ध झाला की त्याच तक्त्यात खरा केंद्रनिहाय आकडा भरा आणि ज्या पट्ट्यात तुमचा दर चुकला तिथे कारण लिहून ठेवा. माझ्या वहीत अशा नोंदींपैकी सर्वाधिक नोंदींपुढे एकच शब्द आहे: ‘जुळणी’.